बांधावरच्या मास्तरणींना एकमेकींच्या गावाला जाऊ द्या

आपल्याकडे प्रशिक्षणांचा काही तुटवडा नाही. बारामती-इंदापूर भागात काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला विचारा, ती बोटं मोडून मोजून दाखवेल: बचत गटाचं प्रशिक्षण, पोषणाचं, परसबागेचं, गांडूळखताचं, शेळीपालनाचं, स्वच्छ दुधाचं. बायकांना बोलवायचं, सतरंजीवर बसवायचं, समोरून कुणीतरी बोलायचं, सह्या-अंगठे घ्यायचे, फोटो काढायचा, चहा-बिस्किटं द्यायची आणि घरी पाठवायचं. अहवालात लिहायचं, ‘चाळीस महिलांनी लाभ घेतला.’

या चाळीसजणींत निदान दहाजणी स्वतः शिकवणाऱ्या असतात. अंगणवाडीच्या पोरांना घेऊन ओढ्याकाठी जाणारी सेविका असते. गोठ्यात उभी राहून शेळीला जंताचं औषध कसं पाजायचं ते दाखवणारी पशुसखी असते. वाफ्यात बसून बीजप्रक्रिया करून दाखवणारी कृषिसखी असते. खुरपणीची टोळी चालवणारी आणि नव्या सुनेला तण कुठलं नि पीक कुठलं हे चार दिवसांत शिकवणारी बाई असते. या सगळ्याजणी उघड्या रानात, बांधावर, अंगणात शिकवतात. त्यांना फळा नाही, टेबल नाही, छप्परही नाही. पण सतरंजीवर बसल्या की त्या ‘लाभार्थी’ होतात.

माझं म्हणणं सरळ आहे. रानात शिकवणाऱ्या या बायकांना आपला समाज शिक्षक म्हणून मोजत नाही. म्हणूनच त्यांनी एकमेकींना भेटावं, एकमेकींचं कसब बघावं, त्यासाठी एका गावाहून दुसऱ्या गावाला जावं, याची गरजही कुणाला वाटत नाही. ही गरज मांडणं आणि ती पुरी करून घेणं हे स्त्री संघटनांचं काम आहे.

कोऱ्हाळे बुद्रुकपासूनच सुरुवात करू. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं हे गाव. ऊस, गाई, दूध, सोमेश्वर कारखान्याच्या गाड्या. इथल्या बाईला ओल्या रानाचं ज्ञान आहे. उसाचं बेणं कसं निवडायचं, पाणी जास्त झालं की जमीन चोपण कशी होते, तिच्यावर पांढरी साय कशी धरते, चिखलात जनावराचे खूर कसे सांभाळायचे, हे तिला ठाऊक. याच तालुक्याच्या उत्तरेला मोरगाव-सुप्याकडचा जिरायत भाग. तिथलं सगळं पावसावर. तिथल्या बाईला कोरड्या रानाचं ज्ञान आहे. ज्वारीचं कणीस बियाण्याला कुठलं ठेवायचं, हुलगा-मटकी राखेत घालून वर्षभर कशी टिकवायची, चारा संपला की शेळीला कुठला पाला चालतो नि कुठला बाधतो, हे तिला ठाऊक. एकाच तालुक्यातल्या या दोघी भेटतात कुठे? लग्नात, जत्रेत, फार तर दवाखान्याच्या रांगेत. एकमेकींच्या रानात त्या कधीच भेटत नाहीत. बागायती गावात पाण्याची पाळी लांबली की कोरड्या रानाचं ज्ञान लागतं. जिरायतीत उपसा योजनेचं पाणी आलं की चोपण जमिनीचा धोका आधी कळायला लागतो. दोन्ही ज्ञानं पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत आहेत, पण त्यांच्यात वाट नाही.

अशी वाट पाडणारी एक बाई आमच्याच तालुक्यातली होती, हे किती जणींना माहीत आहे? अनुताई वाघ यांचा जन्म १९१० साली मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. तिथल्या बालवाडीत दलित वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा शाळाच कुरणात गेली. ती कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं दगड, पानं, बिया मोजतायत, गाणी म्हणतायत, आणि शिक्षक त्यांच्याबरोबर चालतोय. हे करताना त्यांनी गावच्या बायकांना बालसेविका म्हणून तयार केलं, म्हणजे कसब स्वतःपाशी ठेवलं नाही.

१९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, अंगण मात्र मागे राहिलं. आजची सेविका वजनं घेते, आहार वाटते, लसीकरणाला हजर राहते, निवडणुकीच्या याद्या करते आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर मोबाइलमध्ये माहिती भरते. मुलांना घेऊन ओढ्याकाठी गेलेला तास या मोबाइलमध्ये कुठे भरायचा? आणि जे भरलं जात नाही ते काम नव्हेच, हा तर सरकारी खाक्या.

आता या सगळ्या बायका कशा बांधल्या आहेत ते बघा. सेविकेच्या वर पर्यवेक्षिका, तिच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी. आशाच्या वर गटप्रवर्तक, तिच्या वर आरोग्य केंद्र. कृषिसखी-पशुसखीच्या वर ‘उमेद’ अभियानातले समन्वयक. प्रत्येकीची दोरी वर बांधलेली. खालून वर माहिती जाते, वरून खाली सूचना येते. एकाच आळीत राहणाऱ्या सेविका, आशा आणि कृषिसखी यांची एकत्र बैठक मात्र होत नाही, कारण तिघींची खाती वेगळी. मग शेजारच्या गावातल्या तिघींची ओळख कुठून होणार? सेविका हजारोंनी एकमेकींना भेटल्या त्या संपात. ४ डिसेंबर २०२३ पासून सात आठवड्यांहून अधिक काळ महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस संपावर होत्या. हक्कासाठी अशी आडवी एकजूट होते, तर कसबासाठी का होऊ नये? आणि ही एकजूट आपण नाही बांधली, तर संप मिटल्यावर प्रत्येकजण पुन्हा आपापल्या दोरीला एकटी लटकते.

शेतीशाळेचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. शेतीशाळा हा शब्द आता आपल्याकडे रुळला आहे, पण तिचं मूळ इंडोनेशियातलं. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी कहर केला होता. औषधं मारून किडीला खाणारे कोळी-कीटकच मेले आणि कीड वाढली. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. रीत अशी, की हंगामभर दर आठवड्याला त्याच शेतात जमायचं, रोपं बघायची, किडी मोजायच्या, चित्र काढायचं, आपसात वाद घालायचा आणि काय करायचं ते शेतकऱ्यांनीच ठरवायचं. भाषण नाही. पुढे शिकलेले शेतकरीच दुसऱ्या गावांत शिकवायला गेले. शेतीशाळेचं मर्म यात होतं.

आपल्याकडे कृषी विभाग शेतीशाळा घेतो, त्यात बायकांसाठीही असतात, हे चांगलंच आहे. पण मी पाहिलेल्या काही शेतीशाळांत झाडाखाली खुर्च्या होत्या, खुर्चीत पुरुष होते आणि ज्या रानाबद्दल बोलणं चाललं होतं त्यात वाकलेल्या बायका होत्या. अशाच एका ठिकाणी उसातल्या हुमणीवर माहिती चालली होती. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात, कडुलिंब-बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते गोळा करून मारले तर पुढची अळी टळते. हे सगळं पत्रकात छापलं होतं. पत्रक मिळालं सातबारावर नाव असलेल्याला. बांधावर उभ्या एका मजूर बाईला कुठल्या बांधावरच्या कुठल्या बाभळीवर भुंगेरे सगळ्यात जास्त बसतात ते तोंडपाठ होतं, कारण सरपण आणि शेळीचा पाला ती त्याच झाडांवरून आणते. तिला कुणी विचारलं नाही.

आणि हुमणी ही काही एका शेताची गोष्ट नव्हे. मी माझ्या बांधावरचे भुंगेरे मारले आणि शेजारच्या गावाने मारले नाहीत, तर पुढच्या वर्षी माझ्या उसात अळी आहेच. ते एकाच आठवड्यात पाच-दहा गावांनी मिळून करायचं काम आहे. म्हणजे इथे गावोगावच्या जाणत्या बायकांचं जाळं ही हौस राहत नाही, ती शेतीची गरज ठरते. ते जाळं नसल्याची किंमत कुणाच्या घरातून जाते? उसाचा उतारा घटला की घरखर्चातला पहिला काट बाईच्या दवाखान्याला आणि मुलीच्या शिक्षणाला लागतो, हे आपण रोज पाहतो.

बाई रानात असली की ती कामाला आहे, आणि पुरुष रानात गेला की तो शिकायला, शिकवायला किंवा हिंडायला गेला आहे, अशी आपल्याकडची श्रमविभागणी आहे. शहरांत गिर्यारोहण करणाऱ्या संस्था आहेत, निसर्ग शिबिरं घेणारे गट आहेत. ते एकमेकांना भेटतात, दोर कसा बांधायचा, जखमीला खाली कसं आणायचं हे एकमेकांना शिकवतात. मुलुंडला २००२ पासून गिरिमित्र संमेलन भरत आलं आहे. त्यांनी भेटावं, जरूर भेटावं. पण रानात रोज आठ तास असणाऱ्या बाईचं संमेलन कुठे भरतं?

मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. त्यात क्षेत्रकार्य असतं. आठवड्यातले ठराविक दिवस वस्तीत, गावात जायचं, तास मोजायचे, नोंदवही लिहायची, मार्क मिळवायचे. गावात घालवलेला माझा प्रत्येक तास विद्यापीठाने शिक्षण म्हणून मोजला. ज्या बायकांनी मला गाव वाचायला शिकवलं, पाणवठ्यावर कुणी कुठे उभं राहायचं यातून जात कशी कळते, कुठल्या घरातली बाई दुपारी दार का लावून घेते, हे दाखवलं, त्यांचा तास कुठल्याच वहीत गेला नाही. पदवी मला मिळाली, शिक्षिका मात्र त्या होत्या.

शासनाची नवी शैक्षणिक धोरणंही याच चाकोरीतून जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आहे. मुलांनी स्थानिक जाणकारांकडे जाऊन शिकावं, ही कल्पना उत्तम आहे. धोरणात या जाणकारांची उदाहरणं दिली आहेत ती सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशी. बियाणं राखणारी, खुरपणारी, सुईण, शेळ्या राखणारी यात नाही. आता शाळा मुलांना शेतावर नेणार, गोठ्यात नेणार. तिथे त्यांना शिकवणार कोण? बहुतेक बाईच. तिला मानधन मिळणार की तिने ‘आपल्याच पोरांसाठी एवढं तर करावं’? आज हा प्रश्न विचारला नाही, तर उद्या आणखी एक फुकटचं काम बायकांच्या डोक्यावर बसेल.

यावर आक्षेप येतात, ते मी ऐकत आले आहे.

पहिला आक्षेप: बायकांना वेळ कुठे आहे? खरंच नाही. पण मग भाषणं ऐकायला तिला बोलावताना हा प्रश्न का पडत नाही? वेळ नसण्यावरचा उपाय म्हणजे त्या दिवसाची मजुरी देणं. शेतमजूर बाईचा एक दिवस म्हणजे घरातलं एक दिवसाचं धान्य. मजुरी न देता तिला ‘सहभागी’ करून घेणं याला मी शोषणच म्हणेन.

दुसरा आक्षेप: घरचे सोडणार नाहीत. बचत गटाच्या कर्जासाठी सोडतात, मतदानाला सोडतात, तोडणीला तर बायकोला सोबत घेऊनच जातात, कारण उसाला ‘कोयता’ म्हणजे जोडपं लागतं. घरचे बाईला पाठवतात ते घराच्या कामाला. तिच्या शिकण्या-शिकवण्याला अजून मान नाही म्हणून अडवतात. तो मान एकट्या बाईला भांडून मिळत नाही. दोघी-चौघी मिळून निघाल्या आणि हातात मजुरी आली की बोलण्याचा सूर बदलतो.

तिसरा आक्षेप जाणकारांचा असतो: बायकांचं ज्ञान जुनं आहे, त्याचं कौतुक करत बसू नका. मीही कौतुकाच्या विरोधात आहे. बायकांचं सगळंच बरोबर असतं असं कोण म्हणतं? राखेतलं बी टिकतं का, कुठल्या पाल्याने शेळी फुगते, हे तपासूनच घ्यायचं. पण दहा गावच्या दहाजणी एका रानात उभ्या राहिल्या की तपासणी आपोआप सुरू होते. एक म्हणते आमच्याकडे असं होत नाही, दुसरी विचारते तुमची माती कसली. शास्त्राची सुरुवात अशीच होते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं राखलं, त्याला ‘बाएफ’ संस्थेची साथ मिळाली, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंचा गौरव झाला याचा आनंद आहे. पण एका बाईला पुरस्कार देऊन बाकीच्या हजारोंना सतरंजीवर बसवणं यातून हिशेब पुरा होत नाही.

चौथा आक्षेप पैशाचा आणि ‘हे जमलंय कुठे’ असा असतो. जमलं आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. घरबांधणीत काय चाललंय ते त्या लोकांना सांगत, लोकांचं म्हणणं शासनापुढे मांडत. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना एकमेकींच्या गावांत नेलं. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. शेतकरी, मजूर बायका भाषेची अडचण असतानाही दुसऱ्या राज्यात जाऊन शिकवू शकतात. मग कोऱ्हाळ्याची बाई मोरगावला जाऊ शकत नाही असं कसं म्हणायचं? पैशाचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च होतो हे ग्रामसभेत विचारलंय का कधी? एसटीचं तिकीट १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं आहे. पैसा हा अडथळा आहे, पण पहिला नाही.

एक आक्षेप माझ्या मनातला आहे, तोही सांगते. हे जाळं पुन्हा जमीनवाल्या बायकांचंच होईल का? देशातल्या वहिवाटीच्या शेतजमिनींपैकी २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार जेमतेम १४ टक्के बायकांकडे होत्या. भूमिहीन, दलित, भटक्या समाजातल्या बायकांकडे रान नाही, पण रानाचं सगळ्यात बारीक ज्ञान त्यांच्याकडेच आहे. ‘कुणाच्या रानात भरवायचं’ असा प्रश्न आला की निर्णय रानमालकाच्या घरात जातो, आणि मग चहाचे कप वेगळे निघतात. हे टाळायचं तर नियम पहिल्या दिवसापासून हवेत. ताराबाई आणि अनुताई वस्तीतल्या अंगणात गेल्या. भेटीची जागा वस्तीपासून सुरू व्हावी, ओढा, गायरान, शाळेचं पटांगण अशी सगळ्यांची असावी.

तेव्हा मागण्या अशा आहेत. महिन्यातून एक दिवस, दर वेळी वेगळ्या गावात, चार-पाच गावांच्या शिकवणाऱ्या बायकांची भेट व्हावी. सेविका, आशा, सखी, मजूर, शेळ्या राखणारी सगळ्या एकत्र. प्रत्येकीला त्या दिवसाची मजुरी आणि येण्या-जाण्याचं भाडं मिळावं. खाती आपापल्या कर्मचारी बायकांची ही हजेरी कामावरची म्हणून धरोत. व्यासपीठ, हार, दीपप्रज्वलन नको. जी शिकवणार तीच त्या दिवसाची पाहुणी. निम्म्या तरी बायका भूमिहीन असाव्यात. सावली, पिण्याचं पाणी, पाळणाघर आणि संडास यांची सोय आधी, मग तारीख. पुरुषांच्या शिबिरात बांधामागे जाऊन काम भागतं. बायका मात्र सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि मग आपण त्यांना रक्तक्षय आणि मूत्रमार्गाच्या आजारावर प्रशिक्षण देतो! आणि शाळांनी दप्तराविना दिवसांसाठी गावच्या बायकांना बोलावलं, तर त्यांना शिक्षक म्हणून मानधन द्यावं, नाव फळ्यावर लिहावं.

सरकार देईल तेव्हा देईल. सुरुवात आपल्या संघटनांनी करायची आहे. आपली शिबिरंही किती वेळा हॉलमध्ये, वक्त्यांच्या रांगेत अडकतात! एक शिबिर कमी करा, त्या पैशात दोन गावच्या दहाजणींना एकमेकींच्या रानात दोन दिवस राहू द्या. एक वही ठेवा: कोणत्या गावात कोण काय शिकवू शकते, ती कधी मोकळी असते, तिला बोलवायचं तर काय सोय लागते. वही बायकांच्याच ताब्यात राहू द्या, कुठल्याही खात्याच्या नाही.

येत्या वळवाच्या पावसाआधी कोऱ्हाळे बुद्रुक आणि मोरगाव-सुप्याकडच्या बायकांची पहिली भेट व्हावी असं आम्ही काहीजणींनी ठरवतोय. हुमणीचे भुंगेरे आणि राखेतलं बियाणं, एवढेच दोन विषय. शेजारच्या इंदापूर, पुरंदर, फलटण भागातल्या गटांनी आपापल्या दोघीजणी पाठवाव्यात. मुक्कामाला घरं आहेत, भाकरी आहे. येताना एक गोष्ट आणा, जी तुमच्या रानात तुम्ही कुणाला तरी शिकवली आहे.